आजीच्या आठवणी रेकॉर्ड करताय? आधी एवढं बघा

पुण्यातल्या पानशेतच्या पुराबद्दल (धरण फुटून आलेला, १२ जुलै १९६१) आजींना विचारताय, भारीच. सुरुवातीला फक्त हे सांभाळा.

१) प्रश्नातच उत्तर कोंबू नका. अमेरिकेत लॉफ्टस आणि पामर या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये गाड्यांच्या टकरीची फिल्म दाखवली, प्रश्नात क्रियापद जरा जोरकस वापरलं तर लोकांनी वेग जास्त सांगितला आणि आठवड्याने फुटलेली काच पाहिली असंही जास्त जण म्हणाले, काच फुटलीच नव्हती! "मग काय झालं?" एवढं पुरतं.

२) सगळं घर एकत्र बसवू नका, नवीन लोक हमखास इथेच फसतात. काका मध्येच "अगं तेव्हा आपण नारायण पेठेत होतो" म्हणाले की आजींनाही तेच दिसायला लागतं, मेंदू काही टेप लावत नाही, दर वेळी तुकडे जोडून नव्याने उभं करतो.

३) ठामपणे, बारकाव्यांसकट सांगितलं म्हणजे तसंच घडलं असं नाही. पण तिथल्या तिथे खोडूही नका, त्या गप्प होतील. पुराच्या त्या दिवसानंतरचे जुने पेपर काढून सावकाश ताडून बघा.

ट्रान्सक्रिप्ट वगैरे भानगडी नंतर. आणि हो, रेकॉर्डिंगच्या वेळी फॅन बंद करा, आवाज खातो.