‘एंड’ म्हणजे नेहमी शेवटच का?

एका मित्राने विचारलं आहे : ‘द एंड जस्टिफाइज द मीन्स’ याचं भाषांतर ‘शेवट साधनांचं समर्थन करतो’ असं वाचलं, ते बरोबर आहे का?

साफ चूक. इथे ‘एंड’ म्हणजे साध्य. साध्य चांगलं असलं की साधन कसंही चालतं, एवढंच म्हणायचं आहे. हा वाद आपल्याकडे गांधीजींमुळे इतका घुसळला गेला की ‘साधनशुचिता’ हा शब्द मराठीत चांगला रुजला आहे. तरी भाषांतरकाराचा हात ‘शेवट’कडेच गेला! पडद्यावरची ‘द एंड’ची पाटी डोक्यातून जात नाही, दुसरं काय. ‘टू व्हॉट एंड?’ म्हणजेसुद्धा ‘कशासाठी?’.

मी तर ‘एंड’ दिसला की आधी ‘टोक’ लावून बघतो. दोरीला एंड दोन. त्यातला शेवट कुठला? वानखेडेवर गोलंदाज टाटा एंडकडून धावत येतो तेव्हा काही संपत नसतं, उलट षटक सुरू होत असतं. कापडाच्या धंद्यात ताण्याचा एकेक उभा धागा म्हणजे एक ‘एंड’, आणि ‘एंड्स पर इंच’ म्हणजे इंचभर रुंदीत असे धागे किती. ‘फॅग एंड’ही मुळात कापडाच्या टोकाचा निकृष्ट तुकडा, सिगारेटचं थोटूक नंतर आलं.

आपला ‘अंत’ याच ‘एंड’चा चुलतभाऊ. इंग्रजांनी तो संस्कृतातून उचलला असं मात्र नव्हे, दोघांचं मूळ घराणं एक. ‘अंत’च्या पोटातही ही कड आहेच : सीमान्त, दिगन्त. ‘माझा अंत पाहू नकोस’ म्हणणारा मरणाबद्दल बोलत नसतो, सहनशक्तीच्या टोकाशी आलेला असतो.

‘मेक एंड्स मीट’ला मात्र मराठीत तयार शब्द आहे : तोंडमिळवणी. जमा आणि खर्च यांची तोंडं जुळवायची. त्यांची टोकं, आपली तोंडं!

‘थ्री डेज ऑन एंड’ म्हणजे तीन दिवस संपल्यावर नव्हे, सलग तीन दिवस. ‘नो एंड ऑफ ट्रबल’ म्हणजे नुसता वैताग. आणि ऑफिसात ऐकू येणारं ‘माझ्या एंडने फाइल गेली’? तिथे ‘माझ्याकडून गेली’ म्हटलं तरी फाइल जाते.