वकील हक्काने मिळत नाही, मग वकिलीचं काय उरतं?

प्रश्न : मी पुण्यात एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहे. कुटुंब न्यायालयातच वकिली करायची, असं ठरवलंय. ज्यांच्याकडे इंटर्नशिप केली ते सर म्हणाले, ‘तिथे नुसती रडारड. शिवाय त्या कायद्यातच लिहिलंय की पक्षकाराला वकील लावायचा हक्क नाही.’ मॅडम, मग आपलं तिथे काम काय? – एक विद्यार्थिनी

उत्तर : सरांनी सांगितलेलं कलम खरं आहे. कुटुंब न्यायालय कायदा, १९८४, कलम १३. तिथे वकील हक्काने मिळत नाही. न्यायालयाला गरज वाटली तर ते कायदेतज्ज्ञाला न्यायमित्र म्हणून बोलावू शकतं. प्रत्यक्षात आपण परवानगीचा अर्ज देतो आणि बहुधा ती मिळते. सुरुवातीला त्या अर्जावर सही करताना मला अपमान वाटायचा. आता वाटत नाही. नवरा-बायको आणि समुपदेशक यांच्या बोलण्यात मी परवानगीने बसलेय, हे लक्षात राहतं.

रडारड असते, हेही खरं. एक बाई रेशनच्या पिशवीत कागद कोंबून आल्या होत्या. दुकान बंद पडलंय, महिना जेमतेम बारा हजार मिळतात, असं नवऱ्याने लेखी दिलेलं. बाई अर्धा तास रडल्या. मग मी विचारलं, ‘मुलाची फी कोण भरतं?’ ‘तेच.’ शाळेच्या पावत्या पिशवीतच होत्या, आणि पैसे गेले होते दुकानाच्या चालू खात्यातून! सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून पोटगीच्या प्रकरणात दोघांनाही मालमत्ता आणि देण्यांचं शपथपत्र द्यावं लागतं. त्या खात्याचे उतारे मागितले, दुकान चालू निघालं. अंतरिम पोटगी मंजूर झाली, तीही अर्ज केल्याच्या तारखेपासून. त्या रडण्यातच तो पुरावा होता. अर्धा तास ऐकलं नसतं तर फीचा प्रश्न मला सुचलाच नसता.

याच बाईंना पुढे मुलाची वडिलांशी भेट बंद करायची होती. मुलगा शनिवारची वाट बघायचा, हे त्यांनीच मला सांगितलेलं. असा अर्ज मी करणार नाही, म्हटलं. त्या चिडल्या, दोन तारखा माझा फोन उचलला नाही. तिसऱ्या तारखेला आल्या त्या भेटीची वेळ ठरवायलाच. नसत्या आल्या तरी मी तो अर्ज लिहिला नसता. तुला हे जमेल का, ते आत्ताच स्वतःला विचार.

पैशाबद्दल दोनच गोष्टी. पोटगीतला हिस्सा फी म्हणून कधी ठरवू नकोस. निकालावर अवलंबून फी घ्यायला बार कौन्सिलच्या नियमांत मनाई आहे. आणि जिला फी परवडत नाही तिला विधी सेवा प्राधिकरणाकडे पाठव. १९८७ च्या कायद्याने स्त्रीला तिथे मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. हे माहीत नसल्यामुळे अंगावरचं सोनं मोडून आलेल्या बायका मी पाहिल्यात, फार वाईट वाटतं.

सुनावणी ऐकायला मिळेलच असं नाही. पक्षकाराने मागितलं तर ती बंद दाराआड चालते. म्हणून कागदांपासून सुरुवात कर. सनद हातात येईपर्यंत एखाद्या ऑफिसात शपथपत्रांच्या फायली लावायचं काम माग. बँकेचा उतारा, पगाराची चिठ्ठी, घरभाडं, शाळेची पावती, सगळं तारखेप्रमाणे.