पुण्यातल्या ऑफिसची इंटरनेट वाहतूक परदेशातली एखादी कंपनी भलतीकडे वळवू शकते का?

हो, वळवू शकते, आणि त्यासाठी तुमच्या बाणेरच्या ऑफिसातल्या राउटरला हातही लावावा लागत नाही. कुठल्या आयपी पत्त्यांकडे कसं जायचं, याचे रस्ते जगभरातली नेटवर्क्स एकमेकांना सांगतात ते बीजीपी (बॉर्डर गेटवे प्रोटोकॉल) या पद्धतीने, आणि सांगणाऱ्याचा त्या पत्त्यांवर हक्क आहे का, हे तपासायची सोय मूळ बीजीपीत नाहीच. शिवाय जो जास्त नेमका, म्हणजे पत्त्यांचा लहान पट्टा जाहीर करेल त्याच्याकडे वाहतूक जाते. २४ फेब्रुवारी २००८ ला पाकिस्तान टेलिकॉमने देशापुरतं यूट्यूब अडवायला २०८.६५.१५३.०/२४ जाहीर केला. यूट्यूबचा स्वतःचा पट्टा होता /२२, म्हणजे त्याहून मोठा (तिरप्या रेघेनंतरचा आकडा जितका मोठा, तितका पट्टा लहान). ती घोषणा बाहेर गेली आणि जगभर यूट्यूब सुमारे दोन तास कोलमडलं. मी पुण्यात राउटिंगचंच काम करतो, म्हणून कळकळीने सांगतो: स्वतःचे आयपी पत्ते असतील तर त्यांचा आरओए, म्हणजे ते पत्ते कुठलं नेटवर्क जाहीर करू शकतं याचा डिजिटल सहीचा दाखला, आजच बनवा, त्यात मॅक्स लेंथ (किती लहान पट्ट्यापर्यंत जाहीर करायची मुभा आहे, ती मर्यादा) सैल ठेवू नका, आणि आरओएशी न जुळल्याने ‘इनव्हॅलिड’ ठरलेले रूट तुम्ही टाकून देता का, हे आयएसपीला (इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला) स्पष्ट विचारा. मात्र यामागची आरपीकेआय व्यवस्था, म्हणजे असे दाखले देण्याची आणि पडताळण्याची सोय, घोषणा कुठल्या नेटवर्कच्या नावाने झाली एवढंच तपासते. मधला रस्ता खोटा असला तर तिला कळत नाही.