बाळाचे सगळे दात आल्यावरच दाताच्या डॉक्टरांकडे न्यावं का?

तुमचं बाळ दहा महिन्यांचं आहे, समोरचे चार दात आलेत आणि ‘सगळे येऊ देत, मग दाखवू’ असं घरी म्हणतायत. माझं म्हणाल तर थांबू नका, आत्ताच वेळ घेऊन ठेवा. पहिला दात दिसल्यापासून सहा महिन्यांत, आणि उशिरात उशिरा पहिल्या वाढदिवसापर्यंत बाळाला दाखवायचं असतं. दुधाचे सगळे २० दात यायला अडीच-तीन वर्षं लागतात. दुधाच्या दातांचं इनॅमल, म्हणजे वरचं कडक कवच, पातळ असल्याने तोवर आधी आलेल्या दातांतली कीड पार आतल्या नसेपर्यंत पोचलेली असू शकते.

महिन्यातून एकदा बाळाचा वरचा ओठ उचलून उजेडात बघा. हिरडीला लागून खडूसारखी पांढरी रेघ दिसली, तर ती किडीची सुरुवात असू शकते. दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपणाऱ्या बाळांमध्ये दूध वरच्या दातांवर साचून राहतं आणि झोपेत लाळही कमी सुटते. खालचे दात जिभेच्या आडोशाने बहुधा वाचतात, म्हणून ते चकचकीत दिसले तरी निर्धास्त होऊ नका. रेघ पांढरी आहे तोवर फ्लोराइड वार्निश (डॉक्टर दातांवर लावतात तो लेप) आणि नीट घासण्याने कीड थांबवता येते. खड्डा पडला की तो भरून येत नाही, मग उपचार करावेच लागतात.

अपॉइंटमेंट बाळाची झोप झाल्यानंतरची घ्या, बहुतेकांना सकाळची सोयीची पडते. दूध किंवा खाणं तासभर आधी उरका, कारण भरल्या पोटी तोंडात बोट गेलं की उलटी होऊ शकते. ताप असेल तर पुढची तारीख घ्या.

इतक्या लहान बाळाची तपासणी सहसा दवाखान्यातल्या मोठ्या खुर्चीवर होत नाही. तुम्ही आणि डॉक्टर गुडघ्याला गुडघे लावून समोरासमोर बसता. बाळ तुमच्याकडे तोंड करून मांडीवर बसतं, मग त्याला हळूच मागे झोपवून डोकं डॉक्टरांच्या मांडीवर टेकवतात. हात तुम्ही धरायचे. दोन-तीन मिनिटांत काम होतं. बाळ रडेल, पण ते दुखतंय म्हणून नव्हे, आडवं धरल्याचा राग असतो. रडताना तोंड उघडतं, त्यामुळे मागच्या हिरड्याही नीट दिसतात.

पडून दात हलला किंवा तुटला तर मात्र त्याच दिवशी न्या. दुधाचा दात पूर्ण निखळला तर तो परत खाचेत बसवू नका, आतल्या कायमच्या दाताच्या अंकुराला इजा होऊ शकते. वर्षाचं होईपर्यंत एकही दात आला नाही तर लगेच घाबरायचं कारण नसतं, पण दीड वर्षानंतरही हिरड्या रिकाम्याच असतील तर तपासून घ्या.

तोवर तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट लावून दिवसातून दोनदा दात घासा. त्यातली रात्रीची वेळ चुकवू नका, आणि त्यानंतर पाण्याशिवाय काही देऊ नका. रात्री दूध लागतंच असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण पुढची भेट सहा महिन्यांनी ठेवायची की तीनच महिन्यांनी, हे बरंचसं त्यावर ठरतं.