शेरूला भावाकडे पाठवू का?

प्रिय मावशी,

आमच्याकडे दोन कुत्री आहेत. शेरू बारा वर्षांचा. त्याच्या किडन्या कामातून जात चालल्यात, डॉक्टरांनी चारपैकी तिसरी पायरी सांगितली आहे. एक दिवसाआड मी घरीच त्याला कातडीखाली सलाईन देते. दुसरी चिमी, अंगाने लहानखुरी, तीन वर्षांची. तिला नऊ दिवसांपूर्वी सहा पिल्लं झाली. पाच टुमटुमीत आहेत, एक फारच बारीक. त्याला मी दर दोन तासांनी गाईच्या दुधात पाणी घालून ड्रॉपरने पाजते. बाकीचीही नीट पितात ना, म्हणून रात्रभर उठून बघते. शेरू त्या खोलीच्या दाराशी येऊन उभा राहतो, चिमी त्याच्या अंगावर धावून जाते, मग तो परत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपतो. बघवत नाही. नवरा म्हणतो, हौस तुझी, तूच निस्तर. भाऊ म्हणतो, शेरूला दोन महिने माझ्याकडे ठेव. लिहायला लाज वाटते, पण परवा रात्री तीन वाजता शेरूने खाल्लेलं सगळं ओकलं आणि ते पुसताना मनात आलं, हा आता गेला तर सुटेन. तेव्हापासून त्याच्या नजरेला नजर देता येत नाही.

– दोन्हीकडे अपुरी

अगं,

आधी भावाचं. शेरूला पाठवू नकोस. म्हाताऱ्या, आजारी कुत्र्याचा दिवस ओळखीच्या वासांवर आणि ठरलेल्या वेळांवर चालतो. किडनीच्या दुखण्यात भूक आधीच मेलेली असते. नवी जागा, नवी माणसं आली की जे दोन घास तो खातो तेही सोडेल. आणि सलाईनची सुई भाऊ टोचणार आहे का? त्याने मदत मनापासून देऊ केली आहे, पण हा भाग त्याच्या डोक्यात आलेला दिसत नाही.

आता मला खटकलेली गोष्ट. तुझ्या घरात एक बाळंतीण आहे, ती अंगावर पाजते आहे, पाच पिल्लं तिच्या दुधावर टुमटुमीत झाली आहेत, आणि तरी रात्रभर जागते आहेस तू. पहिले दोन-तीन आठवडे पिल्लांना दूध लागतं, ऊब लागते आणि कुणीतरी पोट चाटून शी-शू करवावी लागते, कारण ते त्यांचं त्यांना होत नाही. हे सगळं चिमी करते आहे. शेरूची गोळी, सलाईन, पुसणं, उठवणं यातलं काहीच चिमी करू शकत नाही. तुझे तास तू उलटे वाटलेस, इतकंच झालंय. पिल्लांकडचे काढ आणि शेरूकडे दे.

म्हणजे पिल्लांकडे बघायचंच नाही असं नाही, पण बघण्याची पद्धत बदल. रात्री दहा वेळा डोकावून काही कळत नाही, काट्यावर ठेवलं की कळतं. स्वयंपाकघरातला ग्रॅममध्ये मोजणारा काटा घे, प्रत्येक पिल्लाच्या गळ्यात वेगळ्या रंगाचा लोकरीचा धागा सैल बांध (वाढतात फार झपाट्याने, दर दोन दिवसांनी सोडून परत बांध) आणि रोज एका ठराविक वेळी वजन कागदावर लिही. दिवसाला साधारण पाच ते दहा टक्के वाढ हवी, आणि सात ते दहा दिवसांत जन्माच्या वेळचं वजन दुप्पट व्हायला हवं. वजन वाढतंय, पिल्लं पिऊन निजतात, तर तूही निजायचं. ज्याचं वजन दिवसभरात वाढलं नाही किंवा उतरलं, त्याच्यासाठी डॉक्टरांना फोन करायचा, दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही.

ऊब नीट जमली की अर्धी काळजी मिटते. एवढ्या लहान पिल्लांना अंग गरम राखता येत नाही, पहिल्या आठवड्यात तर थरथरताही येत नाही. पहिल्या आठवड्यात पेटीत २९ ते ३२ अंश सेल्सियस लागतं, मग दर आठवड्याला थोडं थोडं उतरवत न्यायचं. गरम पाण्याची पिशवी जाड कापडात गुंडाळून पेटीच्या एकाच बाजूला ठेव, म्हणजे नको झालं तर पिल्लं दुसऱ्या बाजूला सरकू शकतात. सगळी एकावर एक ढीग करून पडली असतील तर त्यांना गार वाटतंय. एकमेकांपासून लांब, हातपाय पसरून धापा टाकत असतील तर उकडतंय.

आता धाकट्याचं, आणि इथे मी जरा रागावणार आहे. गाईचं दूध बंद कर. कुत्रीच्या दुधात प्रथिनं आणि स्निग्धांश गाईच्या दुधाच्या दुपटीहून जास्त असतात, साखर मात्र कमी. त्यात तू पाणी घालतेस. म्हणजे पोट भरल्यासारखं दिसतं, अंगी काही लागत नाही आणि वर जुलाब होण्याची भीती. पिल्लांसाठी तयार मिळणारी दूध पावडर आण, डब्यावर लिहिलंय त्याच प्रमाणात कालव. ड्रॉपरही ठेवून दे. ड्रॉपरने दूध आपण ढकलतो, पिल्लू ओढत नाही, आणि ते श्वासनलिकेत गेलं की फुप्फुसात जातं. पिल्लांची छोटी बाटली मिळते. पाजताना त्याला पालथंच ठेव, आईला पितं तसं, पोट खाली, मान किंचित वर. माणसाच्या बाळासारखं उताणं कधीच नाही. नाकातून दूध आलं की थांब. चोखतच नसेल तर बळजबरी करू नकोस, नळीने पाजायचं डॉक्टर दाखवतील.

पाजण्याआधी एक गोष्ट दरवेळी बघ. करंगळीचं टोक त्याच्या तोंडात घाल. आतून ऊबदार लागलं आणि त्याने बोट ओढलं तर पाज. तोंड आतून गार लागलं, जीभ लुळी असली, तर दुधाचा एक थेंबही नाही. गार पडलेल्या पिल्लाचं आतडं चालत नाही, दूध पोटात तसंच राहतं आणि त्यानेच ते जातं. तापमान ३५ अंशांच्या खाली असेल तर आधी ऊब. कपड्याच्या आत, तुझ्या उघड्या कातडीला लावून हळूहळू गरम कर, घाई करून शेकू नकोस, आणि गरम करता करताच डॉक्टरांना फोन लाव.

आणि बाटलीच्या आधी चिमी. दिवसातून चार-पाच वेळा, तो ऊबदार असताना, मोठी पिल्लं पंधरा मिनिटं बाजूला काढ आणि धाकट्याला तिच्या मागच्या पायांजवळच्या सडाला लाव. तिथे बहुतेक दूध जास्त असतं आणि धटिंगण भावंडं त्याला तिथून ढकलून देत असतात. बाटली त्याच्या जोडीला. हे सगळं करूनही काही बारकी पिल्लं जातात, तेवढी तयारी मनाची ठेव.

चिमीच्या तब्येतीबद्दल तू एक ओळही लिहिली नाहीस, म्हणून विचारते. तिची आचळं रोज हाताने चाचपतेस का? एखादं गरम, कडक, दुखरं लागलं तर आजच दाखव. अंगावरून गडद लालसर-तपकिरी जात असेल तर ते काही आठवडे चालतं, घाण वास आला किंवा ताप आला तर चालत नाही. आणि लहान चणीची कुत्री, सहा पिल्लं, म्हणजे रक्तातलं कॅल्शियम एकदम उतरण्याची भीती बाळंतपणानंतरचे पहिले चार आठवडे जास्त असते. ती अस्वस्थ होऊन धापा टाकायला लागली, पाय ताठ पडले, अंग थरथरायला लागलं, तर पिल्लं बाजूला काढून तशीच तिला दवाखान्यात ने, रात्र असली तरी. घरातल्या कॅल्शियमच्या गोळ्या मनाने देऊ नकोस. शेरूची उरलेली औषधंही तिला नाहीत. औषध दुधात उतरतं.

चिमीची ताटली कुठे असते? तिला आत्ता पिल्लांचं खाणं हवं, भरपूर आणि दिवसभर समोर. शेरूला त्यातलं काहीही चालणार नाही. त्यात प्रथिनं आणि फॉस्फरस भरपूर, आणि त्याच्या किडन्यांना नेमका फॉस्फरसच बाहेर टाकता येत नाही. भूक मेलेला कुत्रा आपलं बेचव पथ्य सोडून तिच्या ताटलीवर जाणारच. परवाची उलटी त्यानेच झाली असं मी म्हणत नाही, पण बघ. आणि उलट चिमीने त्याचं पथ्य खाल्लं तर तिला दूध कमी पडेल. तिची ताटली बंद दाराआड ठेव. शेरूचं खाणं किंचित कोमट केलं की वास सुटतो आणि तो बरं खातो. खाण्यातला फॉस्फरस बांधून ठेवणारी गोळी दिलेली असेल तर ती जेवणासोबतच, नाहीतर उपयोग नाही. त्याचं पाणी कधीही तोडू नकोस, कितीही वेळा पुसावं लागलं तरी. आणि मळमळीवर चांगली औषधं आहेत. उलटी झाल्याचं डॉक्टरांना सांगितलंस का? पत्रावरून वाटतं, मला सांगितलंस, त्यांना नाही.

त्यांना आणखी एक विचार: शेरूच्या किडन्या कशाने गेल्या? वयाने गेल्या असतील तर त्यापासून कुणालाच काही होत नाही. लेप्टोस्पायरोसिसने गेल्या असतील तर त्याच्या लघवीतून तो आजार चिमीलाही होतो आणि माणसांनाही, मग हातमोजे घालायचे आणि चिमीला त्या जागेजवळ येऊ द्यायचं नाही. तपासणी झालेली असेल कदाचित, पण नक्की कळू दे. तोवर रोजचा क्रम एकच: आधी पिल्लं, मग शेरू, मध्ये साबणाने हात. शेरूला दवाखान्यातून आणलंस की चपला बाहेर आणि कपडे बदलून मगच पिल्लांना हात. तिथे पार्वो (पिल्लांच्या जिवावर उठणारा उलट्या-जुलाबांचा आजार) झालेली कुत्रीही येतात, आणि तो विषाणू फरशीवर महिनोन्‌महिने टिकतो, साध्या फिनाइलने मरत नाही. त्याला ब्लीच लागतं, एका भागाला तीस भाग पाणी, दहा मिनिटं ओलं ठेवून.

चिमी त्याच्यावर धावते त्याबद्दल तिला ओरडू नकोस. बाळंतीण आहे, पहिले काही आठवडे असं होणारच. त्याला पिल्लं दाखवायचा अट्टहास करू नकोस, दार लावून घे. त्याला त्या खोलीतलं काही हवं असेल तर ते तू आहेस. तिथेच खोलीबाहेर, त्याच्या गादीशेजारी, सलाईनच्या वेळेला नीट बस. सलाईन संपल्यावर कातडीखाली जो फुगा होतो, तो हळूहळू खांद्यावरून पुढच्या पायाकडे उतरतो, तेवढा वेळ हात त्याच्यावर असू दे. रोजची वीस मिनिटं फक्त त्याची, तेव्हा फोन नको आणि पिल्लांचा आवाज आला तरी उठायचं नाही.

नवऱ्याला 'मदत कर' म्हणू नकोस, त्यात कुणालाच काही करावं लागत नाही. दोन कामं नेमून दे. रोज संध्याकाळी वजनं तो घेणार, आणि रात्री बारा ते पाच शेरू उठला तर तो उठणार. चिमीला पिल्लं कशी झाली यावर घरातल्या सगळ्यांचं बोलून झालं असेलच, मी त्यात भर घालत नाही. दूध सुटल्यावर तिचं ऑपरेशन करून घे, म्हणजे विषय संपला.

आता त्या विचाराचं. रात्री तीनला ओकारी पुसणाऱ्या माणसाच्या मनात काय काय येतं याची नोंद कुणी ठेवू नये. त्याचं मरण हवं होतं की ती रात्र संपायला हवी होती, ते तुला माहीत आहे. पण त्या विचाराच्या पोटात एक प्रश्न आहे, तो दिवसा विचारायला हवा: त्याला सोसवतंय का? ॲलिस व्हिलालोबोस नावाच्या अमेरिकन पशुवैद्य आहेत, त्यांनी २००४ मध्ये यासाठी एक मोजपट्टी मांडली. दुखणं, भूक, अंगातलं पाणी, स्वच्छता, आनंद, चालणं-फिरणं, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात गोष्टींना दहापैकी गुण द्यायचे. सत्तरपैकी पस्तीसच्या वर असेल तर त्याचं जगणं अजून ठीक चाललंय असं धरतात. तू आणि नवरा, दोघांनी वेगवेगळे गुण द्या, दर आठवड्याला. तुझे कमी येतील, कारण तू दमलेली आहेस, म्हणूनच दोघांनी. आकडा सतत खाली जायला लागला की तो कागद घेऊन डॉक्टरांसमोर बस. त्याला इंजेक्शन देऊन कायमचं झोपवायचं की नाही हे तेव्हा ठरव. परवासारख्या रात्री ठरवू नकोस, आणि पिल्लांना जागा हवी म्हणून तर मुळीच नको.

पुढचे आठवडे थोडक्यात सांगते. पिल्लांचे डोळे या चार-पाच दिवसांत उघडतील. दोन आठवड्यांची झाली की पहिलं जंताचं औषध, मग आठ आठवड्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी, चिमीलाही त्यांच्याबरोबर. तीन-चार आठवड्यांनी मऊ खाणं. सहा ते आठ आठवड्यांत पहिली लस. आठ आठवड्यांच्या आत कुणालाही पिल्लू देऊ नकोस, मागणारे कितीही गोड बोलले तरी. चालायला लागली की ती शेरूच्या कानाला आणि शेपटीला लोंबकळणार, तेव्हा त्याला त्यांच्या पोहोचेबाहेरची एक जागा आत्ताच ठरवून ठेव.

भावाला 'नको' असं सांगून फोन ठेवू नकोस. दर रविवारी दुपारी तीन तास येऊन बस म्हणावं, शेरूशेजारी. त्या तीन तासांत तू झोप. धाकट्याचं आठवड्याचं वजन मला कळव.

– मावशी