ब्रँडच्या नावात एक अक्षर बदलून घेतलेलं डोमेन वापरलं तर काही लफडं होईल का?

होऊ शकतं, आणि डोमेन मोकळं होतं म्हणून मिळालं याचा बचाव म्हणून काडीचाही उपयोग नाही, कारण रजिस्ट्रार, म्हणजे डोमेन विकणारी कंपनी, विकताना ट्रेडमार्क बघतच नाही, ती जबाबदारी घेणाऱ्याची. डॉट कॉमसारख्या डोमेनना आयकॅनची (जगभरच्या डोमेन नावांची व्यवस्था बघणारी संस्था) १९९९ पासूनची यूडीआरपी, म्हणजे डोमेनवरचे वाद सोडवायची पॉलिसी लागू असते, रजिस्टर करताना आपण जे न वाचता टिक करतो ना त्यातच ती येते. तक्रार करणाऱ्याला तीन गोष्टी दाखवाव्या लागतात आणि तिन्ही लागतात:

- नाव त्यांच्या ट्रेडमार्कसारखं, गोंधळ होईल इतकं जवळचं आहे
- तुमचा त्या नावावर खरा हक्क किंवा संबंध नाही
- घेतलंय आणि वापरताय ते वाईट हेतूने

एक अक्षर इकडचं तिकडे केलं की पहिली अट जवळजवळ पूर्ण झालीच समजा, आणि त्याच धंद्यातल्या जाहिराती लावल्यात किंवा कंपनीला "विकत घ्या" म्हणून मेल टाकलात तर तिसरीही तुम्हीच त्यांच्या हातात दिलीत. नोटीस आली की उत्तराला २० दिवस. यूडीआरपीत दंड नसतो, फक्त डोमेन जातं, पण कोर्टात गेले तर भरपाईही मागू शकतात.

मात्र नाव सारखं म्हणजे हरलातच असं नाही, निस्सान डॉट कॉम त्याच आडनावाच्या कॉम्प्युटरवाल्याकडेच राहिलं, कार कंपनीने १९९९ ला केस करूनही, अर्थात त्यात त्याची कित्येक वर्षं गेली.