वाचकांचे प्रश्न : कोकणातील सायकलवाटा, सडे आणि जुने वाडे

प्रश्न : मी, माझे यजमान आणि महाविद्यालयात शिकणारी मुलगी असे आम्ही तिघे डिसेंबरच्या सुट्टीत चार दिवस कोकणात माउंटन बाइकवरून फिरणार आहोत. मुळशीकडे आम्ही दिवसाला सत्तर किलोमीटर सहज करतो. आम्हांला केवळ समुद्रकिनारा पाहायचा नसून चढउताराचा मुलूख, जुने राजवाडे आणि खोतांचे वाडे लागतील अशी वाट हवी आहे. रोज सत्तर किलोमीटर धरून तीन दिवसांत श्रीवर्धन ते रत्नागिरी आणि चौथ्या दिवशी थिबा राजवाडा, असा बेत केला आहे. तो जमेल का?
(एक वाचिका, पुणे)

उत्तर : अंतराच्या हिशेबात बेत बसतो, परंतु कोकणच्या किनारपट्टीवर अंतराचा हिशेब फारसा कामाचा नसतो. येथे आधी खाड्या मोजाव्या लागतात. किनाऱ्यालगतचा प्रदेश म्हणजे जांभ्या दगडाचे सपाट माथ्याचे सडे, आणि त्यांना पूर्व-पश्चिम चिरत समुद्राला मिळणाऱ्या नद्या. गाव बहुधा खाली, खाडीच्या किंवा वहाळाच्या काठी, माडापोफळींच्या आगरांत वसलेले असते. त्यामुळे एका गावाहून दुसऱ्या गावी जायचे म्हणजे घाटी चढून सड्यावर यायचे, दोन-चार किलोमीटर सपाटीवरून जायचे आणि पुन्हा समुद्रसपाटीला उतरायचे. एकेक चढ साधारण शंभर मीटरचा, कुठे त्याहून अधिक. एक चढ काहीच नाही. दिवसभरात असे सात-आठ चढ झाले की चाळीस किलोमीटरही पुरे होतात.

आपल्या मार्गावर सावित्री, भारजा, जोग, वाशिष्ठी आणि शास्त्री अशा पाच नद्यांची मुखे येतात. त्यांपैकी बागमांडला ते वेश्वी, दाभोळ ते धोपावे आणि जयगड ते तवसाळ येथे फेरीबोट आहे. सायकलस्वाराला ती हक्काची विश्रांतीच, पण शेवटची बोट चुकली तर पलीकडचा डोळ्यांसमोर दिसणारा मुक्काम रस्त्याने कित्येक तास दूर जातो. एकदा संध्याकाळी मी धक्क्यावर पोहोचलो तेव्हा बोट खाडीच्या मध्यावर होती, आणि ती त्या दिवसाची शेवटची होती. ती रात्र मी एका टपरीवाल्याच्या ओसरीवर काढली. त्याने रात्री पेज आणि सुकटीची चटणी वाढली, म्हणून तक्रारीला जागा नाही. तथापि मुलगी बरोबर असताना हा प्रयोग करू नये.

माझे मत असे की श्रीवर्धन सोडावे, चारही दिवस रत्नागिरीतच मुक्काम ठेवावा आणि रोज सामानाशिवाय बाहेर पडावे. आपल्याला वाडे आणि राजवाडे पाहायचे आहेत, आणि त्यांच्यासाठी उतरून थांबायला वेळ लागतो.

पहिला दिवस थिबा राजवाड्याला द्यावा. ब्रह्मदेशाचा अखेरचा राजा थिबा याला इंग्रजांनी 1885 मध्ये पदच्युत केले आणि पुढील वर्षी रत्नागिरीस आणून ठेवले. राजवाडा मात्र बांधून झाला तो 1910 मध्ये, म्हणजे राजाचे निम्मे आयुष्य परमुलखात सरल्यावर, आणि 1916 मध्ये तो रत्नागिरीतच वारला. तांबड्या रंगाची ही वास्तू, तिच्या लाकडी नक्षीच्या अर्धवर्तुळाकार खिडक्या आणि समोर पसरलेली भाट्याची खाडी पाहताना नजरकैदेतही राजेपणाचा दिमाख कसा सांभाळला जात होता ते कळते. आत शासकीय संग्रहालय आहे, तेव्हा सुट्टीचा वार आधी विचारून जावे. तेथून उताराने भाट्याच्या पुलावर यावे आणि काजळी नदी ओलांडून किनाऱ्याने थोडे फिरून परतावे. पहिल्या दिवशी एवढे पुरे.

दुसरा दिवस या भागातला सर्वांत सुंदर. भाट्ये ओलांडून पावसच्या वाटेला लागावे. पावस वीसेक किलोमीटरवर आहे; वाटेत गणेशगुळ्याकडे फाटा फुटतो. पावसला स्वामी स्वरूपानंदांची समाधी आहे. पुढे पूर्णगड हा छोटासा किल्ला मुचकुंदीच्या मुखावर उभा आहे आणि पुलापलीकडे गावखडी. हौस आणि पाय दोन्ही शिल्लक असतील तर आणखी पुढे कशेळीपर्यंत जावे. तेथील कनकादित्याचे मंदिर हे कोकणातील मोजक्या सूर्यमंदिरांपैकी एक असून शिलाहार राजा दुसरा भोज याच्या ताम्रपटामुळे या गावाचे नाव इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे. कशेळीच्या सड्यावर कातळात कोरलेला प्रचंड हत्ती आहे, आणि त्या हत्तीच्या अंगात इतर कितीतरी प्राणी कोरलेले आहेत. कोकणातील कातळशिल्पांचा 2022 मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत समावेश झाला. येथे एक कळकळीची विनंती आहे. सडा पाहिला की माउंटन बाइकवाल्याला चाके मोकळी सोडण्याचा मोह होतो, परंतु ही शिल्पे उथळ रेघांची आहेत आणि तिरप्या उन्हाखेरीज ती नीट दिसतही नाहीत. शिल्पांच्या आसपास सायकल हातात धरूनसुद्धा नेऊ नये. ती रस्त्याकडेला ठेवून पायी जावे.

तिसऱ्या दिवशी उत्तरेस आरे-वारे, गणपतीपुळे आणि केशवसुतांचे जन्मगाव मालगुंड करून परतावे. हा रस्ता सर्वांना ठाऊक आहे, त्याविषयी निराळे लिहीत नाही. चौथा दिवस मोकळा ठेवावा. तो कशासाठी लागेल हे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मांड्या सांगतील.

आता खोतांच्या वाड्यांविषयी. खोती, म्हणजे गावाचा सारा वसूल करण्याची वतनदारी, 1949 च्या कायद्याने गेली, वाडे राहिले, आणि त्यांपैकी बहुतेक आजही खाजगी मालकीचे आहेत. चिरेबंदी जोते, मंगलोरी कौले, पुढे शेणाने सारवलेले खळे, ओटीवर झोपाळा असे घर रस्त्यावरून दिसले की आपण ते पाहायला आलेले पर्यटक असतो, आणि आतल्यांसाठी ते राहते घर असते. बेड्याबाहेर, म्हणजे अंगणाच्या फाटकाबाहेर, उभे राहून हाक द्यावी. घरात कोणी वडीलधारे असले आणि आपण सायकलवरून आल्याचे दिसले तर पाणी विचारल्याशिवाय ते सोडत नाहीत, आणि पाण्याबरोबर वाड्याची हकिगतही आपोआप येते. बेड्याला कुलूप असेल तर तेथून पुढे निघावे.

राजघराण्याची वास्तू आतून पाहायची असेल तर पुढच्या सुट्टीत सावंतवाडी करावी. मोती तलावाकाठच्या राजवाड्यात गंजिफाचे पत्ते रंगविणारे कारागीर कामावर बसलेले पाहता येतात. तेथून तुळसमार्गे वेंगुर्ल्यापर्यंतचा रस्ता माउंटन बाइकसाठी उत्तम आहे, आणि वेंगुर्ल्यात डच वखारीचे भग्न अवशेष आहेत.

प्रश्न : सड्यावर माझी ट्यूब एका दिवसात तीनदा फुटली. टायर चांगल्या प्रतीचे होते. दोष कशाचा?
(एक वाचक, चिपळूण)

उत्तर : भोके कशी होती हे आपण कळविले नाही, आणि उत्तर त्यावरच अवलंबून आहे. शेजारी शेजारी दोन बारीक चिरा असतील तर हवा कमी पडून ट्यूब दगड आणि रिम यांच्यात चिमटली. जांभ्याच्या कडा धारदार असतात; सपाट दिसणाऱ्या कातळातही अचानक वीतभर पायरी येते. पासष्ट-सत्तर किलोच्या माणसाने सव्वादोन इंची टायरात ट्यूब वापरताना तीस पी.एस.आय.च्या फार खाली जाऊ नये. एकच टाचणीएवढे भोक असेल तर तो करवंदीचा काटा. बहुतेकदा मोडलेला काटा टायरातच राहतो आणि नवी ट्यूबही फोडतो. तीन पंक्चरांचे मूळ तेच असावे असा माझा संशय आहे. ट्यूब बदलण्यापूर्वी टायरच्या आतून बोटाऐवजी कापडाचा बोळा फिरवावा; काटा असला तर कापड अडकते.

प्रश्न : आमच्या वाडीतून देवळाकडे जाणारी जुनी पाखाडी आहे. गेल्या दोन हिवाळ्यांत शहरातील सायकलवाले तिच्यावरून वेगाने उतरतात. म्हाताऱ्या माणसांना अंग चोरून कडेच्या दगडी गडग्याला (कुंपणाला) चिकटावे लागते. आम्ही अडवले तर ‘वाट सार्वजनिक आहे’ असे ऐकवतात. आपल्यासारखे लेखक अशा वाटांची वर्णने लिहितात, म्हणून आपल्यालाच विचारतो.
(एक वाचक, गुहागर तालुका)

उत्तर : रोख योग्य ठिकाणी आहे, तो मान्य करतो. पाखाडी ही चिऱ्यांच्या पायऱ्यांची पायवाट आहे. तिच्या पायऱ्यांची उंची डोक्यावर भारा घेतलेल्या माणसाच्या पावलाला बेतलेली असते, आणि वळणे दोन माणसे एकमेकांना ओलांडू शकतील एवढीच रुंद. वाट वहिवाटीची असली म्हणून तिच्यावरून कोणत्याही वेगाने जाण्याची मुभा मिळते असे नाही. शिवाय सायकलच्या ब्रेकने घसरणाऱ्या चाकामुळे चिरे हलतात, आणि पावसाळ्यात पाणी त्याच फटीतून आत शिरून पायरी उखडते. ती पुन्हा बसविण्याचा खर्च वाडीला पडतो.

मी स्वतः एकदा अशाच पाखाडीने सायकलवर बसून उतरत होतो. खालच्या वळणावर एक आजी खळ्यात सोले वाळत घालीत होत्या. त्या रागावल्या नाहीत. ‘उतरा हो, खाली गुरे येतायत,’ एवढेच म्हणाल्या, आणि मी उतरून वळण घेतले तर खरोखरच पाच गुरे आणि त्यांच्यामागे दहा-बारा वर्षांचा मुलगा वर येत होता. तेव्हापासून मी पाखाडीवर सायकल खांद्यावर घेतो.

आपण ग्रामपंचायतीत विषय मांडून वरच्या टोकाला ‘सायकल हाती धरून उतरावे’ अशी पाटी लावून घ्यावी. रस्त्याने उतरण्याचा पर्याय असेल तर त्याचा बाण त्याच पाटीवर असावा. अनेकांना तो रस्ता माहीतच नसतो. आपल्या वाडीचे नाव मी येथे मुद्दाम छापलेले नाही.